कूळ नको, बोलविता धनी सांगा

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. लहानपणी मला ही म्हण जरा संशयास्पदच वाटायची, का शोधू नये बाबा, काही लपवायचंय का? पण गेली काही वर्षं वेगवेगळ्या चर्चांमध्ये डोकं घालून घालून आता तीच म्हण पटायला लागलीये, निदान अर्धी तरी. कारण हल्ली चार अनोळखी माणसं ऑनलाइन वाद घालायला जमली की लगेच कोणीतरी म्हणतं, आधी स्वतःबद्दल सांगा. काय करता, देव मानता का, डावे की उजवे, कुठल्या घरातून आलात, हे सगळं सांगा आणि मग बोला. हेतू चांगला असतो हो. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, मग निदान हा माणूस कुठे उभा राहून बोलतोय ते तरी कळावं. मीही बराच काळ याच मताचा होतो आणि स्वतः लांबलचक परिचय देऊन मगच बोलायचो. आता नाही देत. का ते सांगतो, पण आधी एक किस्सा.

ओळखीपाळखीच्या लोकांचा एक गट आहे, तिथे एकदा शाळेतल्या मुलांना होमवर्क द्यावा की बंदच करावा यावर जोरात जुंपली होती. बहुतेक जण बंद करा म्हणणारे. त्यात एका गृहस्थांनी शांतपणे तीन मुद्दे मांडले. एक, होमवर्क बंद केला तर ज्यांचे आईबाप शिकलेले आहेत ती मुलं घरी अभ्यास करणारच, बाकीची करणार नाहीत, म्हणजे दरी वाढेल. दोन, इथे सगळ्यांच्या तक्रारी होमवर्क जास्त असतो याबद्दल आहेत, होमवर्क असतो याबद्दल नाहीत, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि तीन, मी इतकी वर्षं बघतोय, रोज थोडा सराव करणारी मुलं काही महिन्यांत स्पष्ट पुढे निघून जातात.

दोन दिवसांनी कोणीतरी शोधून काढलं की या गृहस्थांचा स्वतःचा शिकवणीचा क्लास आहे, आणि होमवर्क करून घ्यायलाच तर निम्मी मुलं तिकडे येतात. झालं! "अरे मग हा असंच म्हणणार ना", "धंदा बसेल ना याचा", "आधी का नाही सांगितलं", असा गदारोळ झाला आणि चर्चा तिथेच संपली. मीही त्या गदारोळात एक वाक्य टाकलं होतं, खोटं कशाला बोलू.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की आपण सगळ्यांनी मिळून काहीतरी चुकीचं केलं, आणि गंमत म्हणजे काहीतरी बरोबरही केलं. पहिले दोन मुद्दे क्लासवाल्याने मांडले काय, एखाद्या आजीने मांडले काय किंवा सहावीतल्या पोराने मांडले काय, ते तेवढेच खरे किंवा तेवढेच खोटे आहेत. ते तपासायला मला मांडणाऱ्याचा धंदा कळायची गरजच नाही, डोकं चालवलं की पुरे. तिसरा मुद्दा मात्र वेगळ्या जातीचा आहे. "मी बघतोय" हे वाक्य मला तपासता येत नाही, ते मला त्या माणसावर विश्वास ठेवूनच घ्यावं लागतं, आणि मग तो कोण, त्याचा यात फायदा काय, त्याने बघितलेली मुलं कुठली, हे विचारायचा मला पूर्ण हक्क आहे.

म्हणजे एक झाला युक्तिवाद आणि दुसरी झाली साक्ष. यावर एक जुनी उपमा आहे, मला फार आवडते. साक्ष म्हणजे हाताने ओढलेल्या धनुष्याचा बाण, ओढणाऱ्याच्या दंडात जोर किती त्यावर तो किती लांब जाणार ते ठरतं. युक्तिवाद म्हणजे खटक्याच्या धनुष्याचा बाण, लहान पोराने खटका दाबला तरी तो तेवढ्याच जोराने जातो. आपण करतो काय, तर सगळ्यांकडे आधी दंड दाखवायची मागणी करतो, खटका दाबणाऱ्याकडेसुद्धा.

साक्षीच्या बाबतीत "तुमचा बोलविता धनी कोण" हे विचारणं किती महत्त्वाचं असतं याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे अँड्र्यू वेकफील्ड. १९९८ मध्ये लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्याचा आणि सहकाऱ्यांचा पेपर आला, फक्त १२ मुलांवर आधारलेला, आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध असावा अशी भीती त्यातून जगभर पसरली. २००४ मध्ये ब्रायन डीअर या पत्रकाराने बाहेर काढलं की लस बनवणाऱ्या कंपन्यांवर केस करायच्या तयारीत असलेल्या वकिलांकडून वेकफील्डला पैसे मिळत होते आणि हे त्याने सांगितलं नव्हतं. पेपर मागे घेतला गेला तो थेट २०१० मध्ये, त्याच वर्षी त्याचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशनही गेलं. मधल्या बारा वर्षांत किती आईबापांनी घाबरून लस टाळली असेल! आता मला सांगा, या प्रकरणात वेकफील्ड देव मानतो की नाही, कुठल्या पक्षाला मत देतो, लहानपण कसं गेलं, हे कळून कोणाला काय फायदा झाला असता? शून्य. कळायला हवी होती एकच गोष्ट, पैसा कुठून येतोय. वैद्यकीय नियतकालिकांना हे त्याआधीच कळायला लागलं होतं, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने १९८४ मध्येच लेखकांनी हितसंबंध जाहीर करायचे असा नियम केला होता. लक्षात घ्या, नियम हितसंबंधांचा आहे, श्रद्धांचा नाही.

आता कुळाकडे येतो, म्हणजे श्रद्धा, पक्ष, पार्श्वभूमी वगैरे. ती आधी सांगून ठेवली की काय होतं?

पहिली गोष्ट, ऐकणाऱ्याचे कान बंद होतात. जेफ्री कोहेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा २००३ चा एक अभ्यास आहे, अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांना सरकारी मदतीच्या योजना वाचायला दिल्या, एक भरभरून देणारी आणि एक अगदी हात आखडता घेणारी. एरवी डाव्यांना पहिली आवडायला हवी आणि उजव्यांना दुसरी. पण योजनेला आपल्या पक्षाचा पाठिंबा आहे असं सांगितल्यावर पोरांनी योजनेत काय लिहिलंय ते जवळपास बाजूलाच ठेवलं, आपला पक्ष म्हणतोय ना मग चांगली. आणि वर विचारलं तर म्हणाली, छे, आम्ही तर योजनेकडे बघूनच मत दिलं! म्हणजे पाटी वाचली की मजकूर वाचायची गरज संपते, आणि आपल्याला ते कळतही नाही. परिचय आधी देणं म्हणजे काय, तर मजकुरावर स्वतःच्या हाताने पाटी लावून देणं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते कारण ती माझ्या स्वतःच्या बाबतीत झालीये. परिचय देणाऱ्याचेच हात बांधले जातात. फाशीच्या शिक्षेवरच्या एका चर्चेत मी सुरुवातीलाच ठणकावून सांगितलं होतं, मी फाशीच्या पूर्णपणे विरोधात आहे, कायम होतो आणि राहणार. पुढे एकाने एक बारीक पण चांगला मुद्दा काढला, की जन्मठेपेतला कैदी तुरुंगातच खून करतो तेव्हा त्याला आणखी कुठली शिक्षा देणार. मला आतून कळत होतं की याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही, पण "हो, हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे" एवढं सहा शब्दांचं वाक्य माझ्याने टाईप होईना, कारण वर ती माझी घोषणा होती ना, सगळ्यांना दिसत होती. मग मी काय केलं, तर विषय बदलला. मॉर्टन डॉइश आणि हॅरॉल्ड जेरार्ड यांचा १९५५ चा प्रयोग मी नंतर कधीतरी वाचला तेव्हा हसूच आलं. रेघांच्या लांबीचा साधा अंदाज करायचा होता. काहींनी उत्तर फक्त मनात ठेवलं, काहींनी ती मॅजिक पाटी असते ना, कागद उचलला की पुसली जाणारी, तिच्यावर लिहून पुसून टाकलं, आणि काहींनी कागदावर लिहून खाली सही केली. मग सगळ्यांना सांगितलं की बाकीच्यांचं उत्तर वेगळं आहे. मनात ठेवणारे सगळ्यात जास्त हलले, सहीवाले सगळ्यात कमी. त्या प्रयोगात बाकीच्यांचं उत्तर चुकीचं होतं म्हणून सहीवाल्यांचं न हलणं योग्यच ठरलं, ही गोष्ट वेगळी. पण सहीला रेघ बरोबर आहे की चूक हे माहीत नसतं, ती दोन्हीकडे सारखीच चिकटते.

तिसरी गोष्ट जरा चावट आहे. काही लोक परिचय देतात तो तुम्हाला माहिती मिळावी म्हणून नाही, पुढचं बोलायचा परवाना मिळावा म्हणून. "मी स्वतः स्त्री-पुरुष समानतेचा कट्टर समर्थक आहे, पण..." या "पण"नंतर काय येणार ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. बेन्वा मोनँ आणि डेल मिलर यांनी २००१ मध्ये हे तपासलं होतं. लोकांना आधी बायकांबद्दलची काही सरसकट विधानं नाकारायची संधी दिली, आणि ती नाकारून झाल्यावर हेच लोक एखाद्या नोकरीला पुरुषच जास्त योग्य आहे असं म्हणायला जास्त मोकळे झाले. म्हणजे आपण चांगले आहोत हे एकदा नोंदवून झालं, आता थोडं वाईट चालेल. याचाच धाकटा भाऊ म्हणजे "मी काही एक्सपर्ट नाही, पण", आणि थोरला भाऊ म्हणजे "मी कुठल्याच बाजूचा नाही". हा थोरला भाऊ सगळ्यात डेंजर, कारण कुठल्याच बाजूचा नसलेला माणूस दीड तास एकाच बाजूने बोलताना मी अनेकदा पाहिलाय.

आणि एक गोष्ट जी परिचय मागणाऱ्यांच्या डोक्यात येत नाही, कारण त्यांना ती कधी भोगावीच लागत नाही. परिचयाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. ज्याची श्रद्धा, भाषा, घर, आजारपण, नातं सगळं बहुसंख्यांसारखंच आहे त्याला दोन ओळीत स्वतःबद्दल सांगायला काय जातंय, तो तर आनंदाने सांगेल. पण ज्या बाईने नवऱ्याच्या मारहाणीबद्दलच्या कायद्यावर फक्त एक कायदेशीर मुद्दा काढलाय, तिने आधी स्वतःची कहाणी सांगायची का? ज्याने धर्म सोडलाय आणि घरी अजून सांगितलेलं नाही त्याने काय करायचं? ज्याला मानसिक आजार आहे आणि नोकरी शोधतोय त्याने? समोरासमोरचं बोलणं हवेत विरून जातं, पण लिहिलेलं राहतं, आणि दहा वर्षांनी कोण शोधून काढेल सांगता येत नाही. म्हणजे "सगळ्यांनी आधी परिचय द्या" हा नियम वरवर समान दिसला तरी ज्यांच्याकडून ऐकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे त्यांनाच तो दारात अडवतो. मला तर हा एकच मुद्दा पुरेसा वाटतो खरं, बाकीचे प्रयोगबियोग नसते तरी चाललं असतं.

यावर जुन्या काळातली दोन माणसं बघण्यासारखी आहेत. एक अलेक्झांडर हॅमिल्टन, अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक. अमेरिकेची राज्यघटना मंजूर करावी की नाही यावर १७८७-८८ मध्ये रान पेटलं होतं तेव्हा त्याने, जेम्स मॅडिसनने आणि जॉन जे ने मिळून ८५ लेख लिहिले, सगळे "पब्लियस" या एकाच टोपणनावाने. विरोधकही ब्रूटस, केटो अशी रोमन नावं घेऊनच लिहीत होते. पहिल्याच लेखात हॅमिल्टन म्हणतो की माझं मत मी लपवत नाही, मी घटनेच्या बाजूने आहे, माझे हेतू मात्र माझ्या छातीतच राहतील, माझे युक्तिवाद सगळ्यांसमोर आहेत, सगळ्यांनी तपासावेत. काय माणूस आहे! मत सांगितलं, कारणं सांगितली, कूळ सांगितलं नाही. आता माझ्याच मापाने मोजलं तर इथे एक गोची आहे, ती दडवत नाही. हॅमिल्टन आणि मॅडिसन दोघंही ती घटना बनवणाऱ्या सभेत स्वतः बसलेले होते, म्हणजे आपल्याच हाताच्या वस्तूची वकिली करत होते. निव्वळ युक्तिवादापुरतं ते चालून गेलं असं मी म्हणेन, पण "सभेच्या मनात असं असं होतं" असं जिथे जिथे सांगायचं तिथे वाचणाऱ्याला हे कळायला हवं होतं.

दुसरा माणूस जॉन हेन्री न्यूमन. हा आधी इंग्लंडच्या चर्चचा धर्मगुरू, १८४५ मध्ये कॅथलिक झाला. १८६४ मध्ये चार्ल्स किंग्जली या लेखकाने लिहिलं की सत्याला सत्य म्हणून किंमत देणं हा कॅथलिक पुरोहितांचा गुण कधीच नव्हता, आणि नाव न्यूमनचं घेतलं. न्यूमन म्हणाला, हे तर विहिरीतच विष टाकणं झालं. आता मी काहीही बोललो तरी लोक म्हणणार हा कॅथलिक पुरोहित, खोटंच बोलणार. वादातल्या या डावाला इंग्रजीत अजूनही विहिरीत विष टाकणं म्हणतात. आणि मग यातून सुटायला त्या बिचाऱ्याने काय केलं, तर स्वतःच्या धार्मिक मतांचा अख्खा इतिहास लिहून काढला, दर आठवड्याला एक भाग असं करत. एका टोमण्याला उत्तर म्हणून अख्खा आत्मपरिचय! तो गाजला, लोकांचं न्यूमनबद्दलचं मतही बदललं. पण प्रत्येकाकडे न्यूमनची लेखणी नसते आणि एवढा वेळही नसतो.

मग काय, काहीच सांगायचं नाही का? असं मी म्हणत नाहीये. गुन्नार मिर्दाल या स्वीडिश अर्थतज्ञाचं १९४४ पासून म्हणणं होतं की समाजाचा अभ्यास करणाऱ्याने आपली मूल्यं आधी उघडपणे मांडावीत, लपवलेली मूल्यं जास्त नुकसान करतात. हे मला शंभर टक्के पटतं, पण नीट बघा तो काय मागतोय. "मी अमुक पक्षाचा" ही माहिती तो मागत नाहीये. तो मागतोय ते गृहीतक, ज्यावर पुढचं सगळं उभं आहे. इच्छामरणावर चर्चा चालू आहे आणि एकाचं म्हणणं आहे की जीव आपल्या मालकीचाच नाही, दुसऱ्याचं म्हणणं आहे की जीव फक्त आपल्याच मालकीचा आहे, तर हे दोघं नियम, समित्या, आकडे यावर तीन तास भांडतील आणि काहीही हाती लागणार नाही, कारण भांडण तिथे नाहीच. ते एक वाक्य पहिल्यांदा टेबलावर आलं असतं तर तीन तास वाचले असते. पण ते वाक्य हा युक्तिवादाचा पहिला भाग झाला, परिचय नव्हे. तो माणूस श्रद्धेमुळे तसं म्हणतो की आणखी कशामुळे हे त्याने नाही सांगितलं तरी माझं काही अडत नाही.

आपल्याकडच्या न्यायदर्शनाने, म्हणजे जुन्या तर्कशास्त्राने, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत, वाद, जल्प आणि वितंडा. वाद सत्य शोधायला, जल्प जिंकायला, आणि वितंडा म्हणजे जिथे माणूस स्वतःची बाजू मांडतच नाही, फक्त समोरच्याची पाडत बसतो. आपण "वितंडवाद" शब्द आता कुठल्याही फालतू भांडणाला वापरतो, पण मूळ व्याख्या किती नेमकी आहे बघा, तक्रार आरडाओरड्याबद्दल नाहीच, बाजू न मांडण्याबद्दल आहे. तेव्हा या प्रश्नावर तुमची बाजू काय ती सांगा, हे मागणं रास्त आहे. तुम्ही कोण ते सांगा, हे त्यात येत नाही.

हितसंबंध सांगून टाकले म्हणजे गंगेत न्हालो असंही नाही बरं का. डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टीन आणि डॉन मूर यांनी २००५ मध्ये एक अभ्यास छापला, नाण्यांनी भरलेल्या बरणीत किती पैसे आहेत याचा अंदाज लोकांनी करायचा, त्यांना बरणी लांबून थोडाच वेळ बघायला मिळणार, आणि ज्याने जवळून बघितलीये असा एक सल्लागार त्यांना आकडा सुचवणार. काही सल्लागारांना लोकांचा अंदाज जितका जास्त तितके जास्त पैसे मिळणार होते. हे लोकांना आधी सांगून टाकल्यावर काय झालं, तर सल्लागारांनी आकडे आणखी फुगवले! लोकांनी थोडी काटछाट केली पण पुरेशी नाही, आणि शेवटी त्यांचं नुकसान जास्तच झालं. "मी आधीच सांगितलं होतं ना" हे वाक्य म्हणजे पुढच्या लबाडीचं लायसन होऊ शकतं. म्हणून बोलविता धनी सांगितला की काम संपलं असं मानायचं नाही, उलट तिथून पुढे त्या माणसाचे आकडे जास्त बारकाईने तपासायचे.

तर मी हल्ली काय करतो, की सुरुवातीला काहीच सांगत नाही, सरळ मुद्द्याला हात घालतो. जिथे "मी पाहिलंय", "माझा अनुभव आहे" असं म्हणायची वेळ येते तिथेच थांबून सांगतो की कुठे पाहिलंय, किती पाहिलंय आणि माझा यात काय फायदा-तोटा आहे. बाकी कोणी "आधी तुम्ही कोण ते सांगा" म्हणालं तर विचारतो, माझ्या कुठल्या वाक्यासाठी हवंय? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. कधी कधी येतं, आणि तेव्हा सांगतो. आता इथे जवळपास दोन हजार शब्द झाले आणि मी काय काम करतो, कोणाला मत देतो हे तुम्हाला अजून माहीत नाही, तरी माझ्याशी भांडायला तुम्हाला भरपूर मुद्दे मिळाले असतील अशी आशा आहे.

त्या क्लासवाल्या गृहस्थांना मी नंतर वेगळं लिहिलं. माफी मागितली आणि म्हटलं की तिसऱ्या मुद्द्यापाशी तुम्ही क्लासचा उल्लेख करायला हवा होता, बाकी तुमचं बरोबर होतं. त्यांचं उत्तर आलं, "तिसऱ्या मुद्द्यापाशी सांगितलं असतं तर लोकांनी परत वर जाऊन पहिले दोन खोडले नसते का?" मी दोन-तीनदा उत्तर लिहिलं आणि पुसलं. मग त्यांचाच दुसरा मेसेज आला, "बरं ते जाऊ दे. दुसरा मुद्दा तुम्हाला पटला का, ते सांगा." तो पटला होता, तेवढं मी लिहिलं.